हप्त्याची होडी

"ह्या घरात एक कप जागच्या जागी ठेवाया कुणाला जमत न्हाई," हरिबा पुटपुटला.

कप त्याच्या उजव्या गुडघ्याशीच होता आणि त्यातून वाफ निघत होती. हरिबाचा हात कपाच्या अलीकडची जमीन चाचपत होता आणि तोंड दाराकडं होतं, जसं काही बाहेर कुणी आलंय आणि तो त्यालाच बघतोय. चुलीपुढं बसलेल्या चंद्राबाईनं ते पुटपुटणं ऐकलं. ती उठली, जाता जाता कप उचलून त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "शेळीनं लवंडला आसता, म्हणून म्याच सरकवला."

शेळी अंगणाच्या पार टोकाला बांधलेली होती. सून सुप्रिया परातीत पीठ चाळत होती, तिनं चाळण जरा जोरानं हलवली. हरिबानं चहा ओतला बशीत, थोडा बशीबाहेर, आणि फुर्रकन पिऊन टाकला.

आदल्या वर्षीच्या दिवाळीनंतर भोरला डोळे तपासायचं शिबिर लागलं होतं. तिथल्या डॉक्टरनं हरिबाला औषधाच्या खिडकीकडं पाठवलं आणि चंद्राबाईला थांबवून घेतलं. काचबिंदू आहे म्हणाला. कडेकडेनं नजर खात येतो. गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळायचं, त्यासाठी थेंब. नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसत असेल, बाजूचं काही नाही, आणि ऊन तोंडावर आलं की समोरचंही नाही. नीट समजावून सांगा त्यांना, असं दोनदा म्हणाला. चंद्राबाईनं दोन्ही वेळा मान हलवली. बाहेर हरिबा बाटली मुठीत धरून उभा होता. काय म्हणत होता, त्यानं विचारलं. थेंब चुकवायचं न्हाईत म्हणाला, तिनं सांगितलं. हरिबा म्हणाला, हां. मग एसटी स्टँडापुढचा रस्ता ओलांडताना त्यानं तिच्या पदराचं टोक धरलं. चारचौघांत असं काही करणारा माणूस नव्हता तो. का धरलं ते तिनं विचारलं नाही, आणि पलीकडं गेल्यावर त्यानं ते सोडून दिलं.

हरिबाची होडी होती. भाटघर धरणाचं पाणी डोंगराच्या घळीघळीत शिरलेलं. त्या पाण्याच्या अल्याड यांची धनगरांची वाडी, पल्याड एसटीचा रस्ता. दुधाच्या किटल्या, दवाखान्याला निघालेल्या बाया, बाजाराची करडं, नवरदेवसुद्धा हरिबानंच पलीकडं पोचवलेले. वल्हवणाऱ्याची पाठ जायच्या काठाकडं असते आणि तोंड सोडलेल्या काठाकडं. हरिबा सोडलेल्या काठावरचा एखादा दगड, एखादं झाड नजरेत धरायचा आणि सरळ वल्हवत जायचा. म्हणून तर इतके दिवस निभलं. पुढचं काम वाडीनं उचललं होतं. कधी सुरू झालं, कुणी सुरू केलं, कुणालाच सांगता आलं नसतं. होडी काठाजवळ यायला लागली की काठावर जो असेल तो हाक द्यायचा. गेनबा म्हातारा शेरडं राखत बसलेला असायचा, तो ओरडायचा, "हरिबा, तमाखू हाय का रं?" शेजारची मंगल धुणं आपटता आपटता विचारायची, "भाऊजी, माजी पिशवी घेतली व्हती का दुकानातनं?" हरिबा उत्तर द्यायचा आणि आवाजाच्या रोखानं होडी वळवायचा. होडी बरोबर उताराला लागायची. गेनबानं तंबाखू कधीच सोडली होती. मंगलची पिशवी तिच्या घरी खुंटीला असायची. वाडीनं एका माणसाचे डोळे असे वाटून घेतले होते आणि त्याविषयी एक अक्षर कुणी काढलेलं नव्हतं.

पण हाकेनं काठ कळतो, पाण्यातलं कळत नाही. भरल्या धरणात काही अडचण नव्हती. होळी जवळ आली, धरणाचं पाणी खाली सुटायला लागलं, की बुडालेल्या जुन्या गावाचं एकेक हाड वर यायचं. आज आंब्याचा बुंधा, उद्या कुणाच्या गोठ्याची भिंत. काल जिथं कासराभर पाणी होतं तिथं आज हातभर पाण्याखाली खोड. हरिबाला हे पाणी पाठ होतं, पण ते भरलेलं. ओसरणारं पाणी रोज नवं असतं, ते पाठ करता येत नाही. मागच्या उन्हाळ्यात होडी दोनदा खोडाला घासली होती. दोन्ही वेळा सगळ्यांनी वाऱ्याला शिव्या दिल्या होत्या.

होडी विकायची ठरली तेव्हा कारण सगळ्यांच्या तोंडी तयार होतं. धरणाला वळसा घालून रस्ता झालाय, जीपगाड्या येतात, आता होडीत बसतंय कोण. कारण खोटं नव्हतं. म्हणून तर ते सगळ्यांना इतकं सोयीचं पडलं.

पानशेतकडचा एक माणूस रोख द्यायला तयार होता. मासेमारीवाला, पैसे हातावर ठेवून होडी टेम्पोत घालून नेणार होता, पण होळी झाल्यावर. त्याच्या आधी सिद्धनाथ आला. सिद्धनाथ हरिबाचा भाचा, धाकट्या बहिणीचा मुलगा. पाण्याच्या वरच्या अंगाला त्यानं तंबू लावले होते. पुण्याची पोरं शनिवारी गाड्या घेऊन यायची, शेकोटी करायची, सकाळी पोहे खाऊन जायची. आता पाव्हण्यांना होडी पायजे झालीया, तो म्हणाला. पायातले बूट दारात काढले, मामाच्या पाया पडला आणि मांडी घालून बसला.

"मामा, एकदम न्हाई जमायचं मला. निम्मं आत्ता देतो, निम्मं हप्त्यानं. पावसाळ्याच्या आत फिटून जाईल."

"फेड की निवांत. हितंच तर हाय तू," हरिबा म्हणाला. त्याच्या आवाजात काहीतरी उजळलं होतं आणि चंद्राबाईला ते ऐकू आलं. होडी पानशेतला गेली की गेली. भाच्याकडं हप्त्यानं गेलेली होडी म्हणजे अजून थोडी आपली. हे गणित त्यानं मांडलंय हे तिला कळलं.

तिचं मन रोखीकडं होतं. भाच्याशी हप्ता म्हणजे मागायची चोरी. मागितलं तर नणंद म्हणणार, माझ्या लेकावर भरवसा नाही. नाही मागितलं तर पैसे त्याच्या सवडीनं. सुप्रियानं पाण्याचा तांब्या ठेवता ठेवता डोळ्यांनीच नको म्हटलं होतं. शिरवळला कंपनीत कामाला असलेला मुलगा, स्वरूप, फोनवर म्हणाला होता की रोख असेल तरच द्या. चंद्राबाईच्या ओठांवर तेच होतं. पण होळीला अजून बरेच दिवस होते, आणि तेवढे दिवस होडी उताराला बांधलेली राहणार होती, आणि हरिबा रोज सकाळी उठून तिच्याकडं जाणार होता. त्याच सकाळी गेनबानं सांगितलं होतं की बुडालेल्या देवळाचा कळस पाण्यातनं दिसायला लागलाय.

"होडी कवा नेशील?" तिनं विचारलं.

"उद्या न्हेतो, मामी."

"मग चालंल."

सुप्रियानं चमकून सासूकडं बघितलं. हरिबानंही मान वळवली, पण ती तिच्या बाजूच्या भिंतीकडं. चंद्राबाईला एकदम वाटलं, एवढी घाई कशाची असं आता कुणीतरी विचारणार. तसं कुणी विचारू नये म्हणून ती जरा करड्या आवाजात म्हणाली, "पर रीत ती रीत. शेवटचा हप्ता येईस्तवर एक वल्हं आमच्या घरात ऱ्हाईल."

ही इकडची जुनी रीत होती. होडी उधारीवर दिली की एक वल्हं विकणाऱ्याच्या घरी राहायचं. एका वल्ह्यानं होडी जागच्या जागी गोल फिरते, घेणारा पळून कुठं जाणार. सिद्धनाथ हसला, मामी पक्की हाय म्हणाला, आणि कबूल झाला. मामींच्या हुशारीचं सगळ्यांना कौतुक वाटलं. सिद्धनाथच्या पैशांची तिला काळजी नव्हती. व्यवहार बघणारी बाई दिसावी, घाईला आलेली बाई दिसू नये, एवढ्यासाठी तिनं ते वल्हं मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी होडी गेली. पोरांनी ती दोरानं काठाकाठानं ओढत नेली. वल्हं घरात, माळ्याच्या आढ्याला आडवं बांधलं.

होडी गेल्यावर हरिबा घरात दिसायला लागला, आणि सगळ्यांना कळलं की घर पाण्यापेक्षा अवघड आहे. शेळीच्या दाव्यात पाय अडकून तो अंगणात पालथा पडला. मंगलच्या सारवलेल्या ओट्यावर चपलेसकट चढला. एकदा सुप्रिया न्हाणीत असताना पडदा सारून सरळ आत गेला. तिनं हूं की चूं केलं नाही, तशीच भिंतीला चिकटून उभी राहिली, आणि तो आपला हात धुऊन बाहेर आला. त्याला कळलंच नाही. त्या दिवशी संध्याकाळी सुप्रिया शेणाच्या गोवऱ्या लावता लावता म्हणाली, "आत्याबाई, ह्यांना फोन करू का? एकदा सांगून टाकू."

"काय सांगनार?"

"जे हाय ते."

"काय हाय?"

सुप्रियानं हातातला शेणाचा गोळा थापला, त्यावर पाची बोटं उठवली. "काय न्हाई," ती म्हणाली.

चंद्राबाई काही दुष्ट बाई नव्हती. तिला फक्त असं वाटायचं की ती गोष्ट जोवर तोंडातून बाहेर पडत नाही, तोवर हरिबा होडीवालाच आहे. पडली, की त्या क्षणापासून तो ओट्यावर बसवलेला आंधळा. वाडीवर असा एक होऊन गेला होता, गेनबाचा थोरला भाऊ. त्याला लोक बाजूला सरकवून बोलायचे, जसं काही त्याला ऐकूही येत नाही.

पहिल्या हप्त्याला सिद्धनाथ वेळेवर आला. पैसे मोजून ठेवले, चहा घेतला, आणि मग मूळ मुद्द्यावर आला. दुसरं वल्हं त्यानं कामथडीच्या सुताराकडून करवून घेतलं होतं, पण ते होडीच्या खुंटीत बसेना, जड झालं. वल्हवायला ठेवलेलं पोरगं पुण्याला डिलिव्हरीच्या कामाला पळालं. पाव्हणे तर होडी होडी करतात.

"मामा, शनवार-रयवार तुमीच या की. वल्हंबी तुमच्याकडंच हाय. रोजाचं पैसं देतो."

हरिबा उठून उभा राहिला होता. वल्हं काढायला हात वर करून तो आढं चाचपत होता, आणि वल्हं त्याच्या हाताच्या डाव्या बाजूला होतं. सिद्धनाथ बघत होता. चंद्राबाई सिद्धनाथकडं बघत होती. मग सिद्धनाथ पुढं झाला आणि वल्ह्याची दोरी सोडून ते मामाच्या हातात दिलं. "उच्चीवर बांधलंय लई," तो म्हणाला.

त्या वेळी ती बोलू शकली असती. त्याऐवजी तिनं विचारलं, पाव्हण्यांच्या भाकरी कोण थापतं रं तुझ्याकडं. सिद्धनाथ म्हणाला, बाई मिळत न्हाई, विकतच्या आणतो. मी येते, चंद्राबाई म्हणाली. दोघंबी येतो.

असं ते सुरू झालं. शनिवारी दुपारी दोघं काठाकाठानं निघायची. हरिबाच्या खांद्यावर वल्हं, त्याच्या पुढं दोन पावलं चंद्राबाई. वाटेत दगड आला की ती दगडाला शिव्या द्यायची, खड्डा आला की ग्रामपंचायतीला. हरिबा तेवढ्यावर पाय उचलायचा. तंबूंच्या मागं, पाण्याकडं उतार होता तिथं तिनं मुद्दाम चूल मांडून घेतली. सिद्धनाथ म्हणाला, मामी, वारं लागतंय, आडोशाला मांडू. ती म्हणाली, मला हितंच बरं वाटतं.

तव्यावर भाकरी टाकायची, दुसरी थापायला घ्यायची आणि डोळा पाण्यावर ठेवायचा. मनगटापर्यंत पीठ, धुरानं डोळे चुरचुरणारे, पाठ भाजल्यासारखी. होडी परत फिरली की हाक. "अवो, मीठ कुठं ठेवलंय?" "अवो, विळा आणला का?" "अवो, आयकलं का?" हरिबा तिकडून ओरडून सांगायचा, मला काय म्हाईत तुजं मीठ, आणि होडी बरोबर चुलीच्या रोखानं यायची. पाव्हण्यांना मोठी गंमत वाटायची. जीन्स घातलेली एक पोरगी म्हणाली, मावशींना काकांशिवाय अजिबात करमत नाही. सगळे हसले. एकानं तर चंद्राबाईच्या हाकांची नक्कल केली, "अवो, अवो," आणि मोबाईलवर तिचा व्हिडिओ काढला. तिनं पदर ओढून घेतला आणि भाकरी उलटली. हरिबापण हसला होता. ते हसणं तिला त्या पोराच्या नकलेपेक्षा जास्त लागलं.

सिद्धनाथनं उताराला एक बांबू रोवून त्याला लाल फडकं बांधलं. पाव्हण्यांना कळाया पायजे होडी कुठनं सुटती, तो म्हणाला. पाव्हणे तर तिथंच उभे असायचे, त्यांना फडकं कशाला. होडी सुटली की हरिबा तोंडासमोर ते लाल फडकं धरायचा आणि सरळ जायचा. चंद्राबाईनं ते बघितलं आणि तिचे हात पिठात थांबले. माणसाला माहीत असल्याशिवाय तो असं फडकं बांधत नाही.

दुसऱ्या हप्त्याला पैसे कमी आले. सिद्धनाथनं समजावून सांगितलं की मामांचा रोज आणि मामींच्या भाकरींचे पैसे धरून हप्ता पुरा होतो. तो गेल्यावर सुप्रिया दारात येऊन उभी राहिली.

"म्हंजे मामंजींनी वल्हवायचं," ती म्हणाली, "पाव्हण्यांनी पैसं द्यायचं, आन त्यातनंच आपला हप्ता. मग भावजींनी दिलं काय?"

हरिबा म्हणाला, "तुला न्हाई कळायचं त्यातलं." पण तो चिडला नव्हता. आठ दिवसांत शनिवार येणार होता, त्याला तेवढं पुरे होतं. दाढी करताना गालावरची एक पट्टी राहून गेली होती, ती चंद्राबाईनं निघताना वस्तऱ्यानं काढून दिली, पिठाचा डाग लागलाय म्हणून.

चैत्र लागला. पाणी आणखी खाली गेलं. आता उतारावरून बघितलं की पूर्वेला जुन्या गावाची अख्खी आळी उघडी पडलेली दिसायची, आणि तिच्या पुढं, पाण्यात, चिंचेची खोडं. काही वर आलेली, काही पाण्याच्या कातडीखाली. दुपारी वारं सुटलं की लाटेच्या उतारात एखादं काळं टोक दिसायचं आणि बुजायचं. गेनबा शेरडं घेऊन त्या अंगाला आला होता, तो चुलीशी बसला, चहाही न मागता बराच वेळ पाण्याकडं बघत राहिला, आणि जाताना म्हणाला, "वैनी, तिकडच्या अंगाला जाऊ देऊ नगा." कुणाला, ते त्यानं सांगितलं नाही.

त्याच शनिवारी एका गटानं मोठा स्पीकर आणला. गाणं असं वाजत होतं की तव्यातली भाकरी थरथरत होती. होडीत पाच जण होते. परत फिरताना चंद्राबाईनं हाक दिली आणि तिची हाक तिलाच ऐकू आली नाही. दुसरी दिली. मग ती धावली, पिठाचे हात वर करून ओरडली. होडी तिरकी तिरकी खोडांच्या अंगाला चालली होती, आणि हरिबा मान कलती करून आवाज शोधत होता, पाखरू शोधतं तसा. तेवढ्यात थड असा आवाज झाला. होडी अर्धी वर उचलली, एका बाजूला झुकली. किंकाळ्या आल्या. एक बाई फळीवरून घसरून दुसरीच्या अंगावर पडली, तिचं मनगट मुरगळलं, कुणाचा तरी मोबाईल पाण्यात गेला. मग होडी खोडावरून घसरून सरळ झाली. पाव्हण्यांतल्याच एकानं जागेवरून उठून दिशा सांगितली आणि ते काठाला आले.

सिद्धनाथनं आधी बाईचं मनगट बघितलं, मग होडीचा तळ बघितला. "वारं लई हाय आज," तो म्हणाला.

"वारं हाय," हरिबा म्हणाला. त्याचा खालचा ओठ फुटला होता, वल्ह्याचं टोक लागून.

चंद्राबाईनं पदराचं टोक ओलं करून त्याच्या ओठाला लावलं. तिच्या तोंडून आपसूक आलं, "व्हय, वारंच."

घरी जाताना तिनं दगडांना शिव्या दिल्या नाहीत, आणि हरिबा दोनदा अडखळला. दोन्ही वेळा त्यानं हात पुढं केला नाही आणि तिनंही दिला नाही. रात्री त्यानं अंथरुणावर पडल्या पडल्या होडीच्या तळाला कुठं चेप आला असेल त्याचा विचार बोलून दाखवला. डांबर लावावं लागेल म्हणाला. ती हं म्हणाली.

पुढच्या रविवारी पुण्याच्या एका सोसायटीतली माणसं आली होती, बायकापोरांसकट. सिद्धनाथनं स्पीकर बंद ठेवायला सांगितलं होतं. तेवढं त्यानं केलं. पण त्यांना मावळतीची फेरी पाहिजे होती. पाण्यावरून मावळत्या सूर्याचे फोटो काढायचे होते. होडीत मोठी माणसं बसली, मग पोरं बसली, मग आणखी एक बाई लहान मूल कडेवर घेऊन बसली. फुगवायची केशरी जाकिटं होती ती मोठ्यांनी फोटोपुरती घातली, पोरांना ती ढगळ झाली म्हणून काढून ठेवली. होडीचं तोंड पूर्वेला होतं. म्हणजे हरिबाचं तोंड पश्चिमेला, आणि पश्चिमेला ऊन, सरळ त्याच्या डोळ्यांत.

चंद्राबाई भाकरी थापत होती. तिनं हरिबाकडं बघितलं. तो बांबूवरचं लाल फडकं शोधत होता. त्यानं डोळ्यांवर हात धरला, हात काढला, मान थोडी डावीकडं केली, थोडी उजवीकडं. फडकं त्याच्या समोर कासराभर अंतरावर फडफडत होतं. मग त्यानं शोधायचं सोडून दिलं. दोन्ही वल्ही पाण्यात टाकली, पाय फळीला टेकवले, आणि पाव्हण्यांना हसून म्हणाला, "बसा नीट. निघायचं?"

सिद्धनाथ काठावरून होडीला ढकलत होता.

तव्यावरची भाकरी तशीच टाकून ती उठली. उतारावरच्या चिखलात तिचा पाय घोट्यापर्यंत रुतला, तिनं तो ओढून काढला, चप्पल आतच राहिली. ती पाण्यात शिरली. लुगडं पाण्यात फुगलं, जड झालं. कमरेएवढ्या पाण्यात जाऊन तिनं होडीची कड दोन्ही हातांनी धरली. ओल्या लाकडावर तिच्या बोटांचं पीठ चिकटलं.

"मामी, काय झालं?" सिद्धनाथ म्हणाला. त्याचे हात अजून होडीलाच होते.

होडीतली माणसं हसायला लागली होती. मावशी आल्या काकांना न्यायला, कुणीतरी म्हणालं. एका पोरानं पाण्यात हात घालून तिच्या अंगावर थेंब उडवले.

सिद्धनाथनं तिच्या तोंडाकडं बघितलं. तो घाईघाईनं म्हणाला, "वारं सुटंल म्हणती का मामी? ऱ्हाऊ द्या मग आज. वारं असलं तर काय, उद्या सकाळी जाऊ. काय पाव्हणं?"

त्यानं वाट करून दिली होती. तिनं नुसती मान हलवली असती तरी आजचं भागलं असतं. पाव्हणे कुरकुरत उतरले असते, हरिबा वल्हं खांद्यावर टाकून घरी आला असता, आणि पुढच्या शनिवारी वारं नसतं.

"कड सोड गं," हरिबा खालच्या आवाजात म्हणाला. "माणसं बघत्यात."

तो तिच्याकडं तोंड करून बोलत होता, पण तिच्यापासून हातभर डावीकडं. तिथं पाण्याशिवाय काही नव्हतं. तो त्या पाण्याशी बोलत होता, समजावणीच्या सुरात, जसा तिच्याशी कधीतरीच बोलायचा. कडेवरच्या मुलाच्या आईनं ते बघितलं. तिनं आधी हरिबाच्या डोळ्यांकडं बघितलं, मग तो बघत होता त्या जागेकडं, मग चंद्राबाईकडं. तिचं हसू हळूहळू उतरलं.

चंद्राबाईनं कड सोडली नाही. एक हात उचलून तिनं हरिबाच्या पावलावर ठेवला, फळीला टेकवलेल्या, थंड, भेगाळलेल्या पावलावर. मग त्या बाईकडं बघून, आवाज न चढवता, चुलीपाशी बसून बोलावं तशी ती म्हणाली,

"उतरा बाई, लेकराला घिऊन उतरा. ह्यांना दिसत न्हाई."